मीठ कोणत्या राज्याचं?

बावनथडी नदीचं पाणी आमच्या गावाजवळ गोड आहे, असं मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राच्या संयुक्त समितीनं एकमतानं मान्य केलं. लाल दिवा विझला, दोन्ही काठांचे पंप सुरू झाले, आणि आनंदाच्या भरात सरपंच दुलीचंदनं फटाक्यांची लड लावली, ती त्याच्याच चपलेपाशी फुटली.

असं काही झालेलं नाही.

म्हणजे दिवा लागलाच नव्हता, तर विझणार कसा? पंप बंद पडलेच नव्हते. फटाके वाजले, पण ते कशासाठी वाजले हे कोणालाच माहीत नाही. असंच सांगायचं, असं मला सांगितलेलं आहे, आणि मी शासनाचा माणूस आहे. तेव्हा ही न झालेली गोष्ट मी पहिल्यापासून सांगतो.

आमचं गाव कोसमटोला. कटंगीहून तुमसरच्या बसमध्ये बसलं आणि झोप लागली नाही, तर आमच्या फाट्यावर उतरता येतं. झोप लागली तर महाराष्ट्र. मधे नदी आहे. अलीकडे आम्ही, पलीकडे ते. ते म्हणजे आमचेच साळे, जावई आणि व्याही; फरक एवढाच की त्यांची विजेची बिलं मराठीत येतात आणि आमची हिंदीत. भरायचा कंटाळा दोन्हीकडे सारखाच.

खाली, फार खाली, नदीची मोठी नदी होते तिथं कुठंतरी पाणी खारट होत चाललंय, असं सरकारच्या लक्षात आलं. कारखान्यांचं पाणी, खतांचं पाणी, शहरांचं पाणी. दोन राज्यांचं खोरं एकच, म्हणून दोघांनी मिळून क्षारता नियंत्रण समिती केली. खारटपणा खाली होता, म्हणून समितीनं मोजायला वरून सुरुवात केली. वर आम्ही होतो.

घाटाच्या पायऱ्यांपाशी पाण्यात एक पिवळा खांब आला. खांबावर सूर्याची पाटी, कॅमेरा, लाल दिवा आणि भोंगा. खरं तर तो खांब धारेत पुढं बसायचा होता. पण उद्‌घाटनाच्या पाहुण्यांच्या बुटात रेती जाईल म्हणून तो पायऱ्यांजवळच बसला. नियम सोपा होता. पाण्यात ठरल्यापेक्षा जास्त मीठ दिसलं की दिवा लागणार, भोंगा वाजणार, आणि दोन्ही काठांच्या पंपांची लाइन आपोआप कटणार. मग दोन्ही राज्यांचे साहेब येणार, मीठ कोणत्या राज्यातून आलं ते ठरवणार, दोघं सही करणार, आणि लाइन परत येणार. तोपर्यंत नदीतून कोणत्याही साधनानं पाणी उचलायचं नाही. कोणी उचललंच, तर कॅमेऱ्यात दिसणार आणि बंदी दोन्ही काठांना वाढणार.

यंत्रावर लक्ष ठेवायला एक ‘यंत्रमित्र’ हवा होता. अट अशी की दहावी पास पाहिजे आणि मोबाइलला रेंज पाहिजे. दहावी पास गावात पुष्कळ. रेंज फक्त आमच्या घराच्या छपरावर. अशा प्रकारे माझी, रजतची, शासनात निवड झाली.

उद्‌घाटनाला बालाघाटहून चंद्रशेखर साहेब आले. ते समितीतले मध्य प्रदेशचे. फीत कापून म्हणाले, “ये मशीन नदी की नब्ज़ पकड़ेगी!”

माझी काकी, अनुसया काकी, पहिल्या ओळीत बसली होती. ती म्हणाली, “नब्ज पकडते त बरं हाय बापा. पर दवाई कोन देते?”

साहेब हसले. दवाईचा विषय समितीत पुढच्या टप्प्यात होता.

आता काकीबद्दल. गावात सगळे धान लावतात, पण चिन्नोर फक्त काकी लावते. चिन्नोर म्हणजे बारीक, वासाचं धान. उतारा कमी, पिकायला उशीर, आणि वाऱ्याची झुळूक आली की सपशेल आडवं. म्हणून बाकीच्यांनी ते केव्हाच सोडलं. पण काकीच्या घरी चिन्नोर शिजलं की अख्ख्या गल्लीला काकीच्या दारावरून जायचं काहीतरी काम निघतं. मी तर विनाकारण जातो, सरळ ताट घेऊन. दुकानातही चिन्नोरच्या नावानं बी मिळतं. काकीच्या मते ते चिन्नोरचं नाव लावून हिंडणारं दुसरंच कोणीतरी आहे. तिचं बी तिच्या कोठीतलं, दर वर्षी निवडून ठेवलेलं, आणि जेवढं पेरायला लागतं तेवढंच. ते गेलं तर ते परत आणायला जगात दुसरी जागा नाही.

मृगाच्या आधी आमच्याकडे बिदरी असते. प्रत्येक घरातून मूठभर बी गावदेवाच्या ओट्यावर येतं, सगळ्यांचं एकत्र होतं, पूजा होते, आणि त्यानंतरच कोणी बियाण्याला हात लावतो. आधी लावला तर देव रागावतो, आणि देवाआधी शेजारी. त्या दिवशी सगळं गाव एका जागी सापडतं, हे प्रेमलाल साहेबांनी हेरून ठेवलं होतं. प्रेमलाल साहेब कृषी खात्याचे, हे खातं वेगळं. नदीवाल्या खात्याशी त्यांची ओळख नव्हती. बालाघाटात दोन्ही कार्यालयांचा चहावाला तेवढा एक होता.

“इस साल बीज का नमक-पानी से उपचार होगा,” प्रेमलाल साहेबांनी ओट्यापाशीच जाहीर केलं. “टब में पानी, पानी में नमक, नमक में धान. पोचा ऊपर, ठोस नीचे. ऊपरवाला फेंको, नीचेवाला बोओ.”

“नमक किती?” दुलीचंदनं विचारलं.

“अंडा डालके देखो. अंडा तैरे और ऊपर रुपये के सिक्के जितना दिखे, तो पानी तैयार.”

पद्धत खरी आहे आणि चांगली आहे. कोणीही पुस्तकात पाहावी. आमच्या गावाचं चुकलं एवढंच, की साहेबांनी सोबत एक बक्षीस आणलं होतं. ‘उत्कृष्ट बीजोपचार’, आणि बक्षिसाला झाकणाचा स्टीलचा डबा. बक्षीस म्हटलं की शर्यत, आणि शर्यत म्हटली की दुलीचंद.

“रुपयाएवढंच काहून?” तो म्हणाला. “कोसमटोल्याचं अंडं जास्तच दिसलं पायजे!”

झालं. शेजारच्या टबातलं अंडं जरा वर दिसलं की इकडं आणखी मूठभर मीठ. मग ओंजळभर. मग कोणीतरी मोटरसायकल घेऊन कटंगीला गेला आणि खड्या मिठाची पोतीच घेऊन आला. पोरी अंड्यांच्या बाजूनं ओरडत होत्या. म्हातारे टबांवर वाकून अंड्याची उंची बोटानं मोजत होते. प्रेमलाल साहेब “बस, बस, हो गया!” म्हणत धावत होते, पण त्यांच्या ‘बस’चा अर्थ प्रत्येकानं ‘शेजाऱ्यानं थांबावं’ असाच लावला. शेवटी काकीच्या टबातलं अंडं पाण्यावर असं येऊन बसलं, जसे जावईबापू खाटेवर बसतात. त्याला आता पाण्याची गरजच उरली नव्हती.

“दुलीचंद, पाय रे,” काकी म्हणाली. “माह्यं अंडं उभं राहून राह्यलं. तुह्यं त अजून पोहून राह्यलं.”

“काकी, तुह्यी कोंबडीच हलकी हाय!”

“हौ, अन् तुह्यी अक्कल.”

त्यानंतर प्रेमलाल साहेबांनी शेवटची सूचना दिली. तीही बरोबरच होती. बी दोन-तीनदा साफ, वाहत्या पाण्यात धुवायचं.

वाहतं पाणी गावात एकच. सगळं गाव टब, घमेली, बादल्या घेऊन घाटावर. बी धुतलं, आणि टबातलं मिठाचं पाणी कुठं ओतायचं म्हणून तेही तिथंच ओतलं. उन्हाळ्याच्या शेवटची नदी, धार मनगटाएवढी. पलीकडच्या काठावर आमचे व्याही आणि साळे हा गोंधळ पाहून उतरले. त्यांच्याकडच्या कृषी सहायकानंही त्यांना मिठाचं पाणी शिकवलेलंच होतं, त्यांचेही टब भरलेलेच होते. त्यांनीही ओतलं. नात्यात मागं राहायचं नसतं.

घाटाच्या वरच्या पायरीवर उभं राहून प्रेमलाल साहेबांनी डबा उंच धरला. “प्रथम पुरस्कार, श्रीमती अनुसयाबाई!”

आणि त्याच क्षणी भोंगा वाजला.

आम्ही भोंगा आधी कधी ऐकलेला नव्हता. लांब, गोड, चढत जाणारा. सगळं गाव टाळ्या वाजवायला लागलं. लाल दिवा फिरायला लागला तशी पोरं नाचायला लागली. पलीकडूनही टाळ्या आल्या. काकीनं लाजून पदर सावरला.

“एवढं काहून केलं बापा,” ती प्रेमलाल साहेबांना म्हणाली. “डबाच पुरे होता.”

प्रेमलाल साहेब नम्रपणे मान झुकवून उभे होते. हे सगळं आपल्याच खात्यानं केलं असावं, असं त्यांनाही वाटलं.

मग टाळ्या ओसरल्या आणि दुलीचंदच्या शेतातला पंप ऐकू येईनासा झाला. मी छपरावर पळालो. मोबाइलवर समितीचा निरोप होता. क्षारता मर्यादेबाहेर, पंप बंद, स्रोत निश्चित होईपर्यंत कोणत्याही साधनानं पाणी उचलण्यास मनाई.

बाकीच्यांना फारसं काही वाटलं नाही. त्यांनी धुतलेलं बी सावलीत वाळवायला टाकलं. ते पावसाची वाट पाहणार होते. पण चिन्नोर उशिरा पिकतं, म्हणून काकी पऱ्हे लवकर टाकते. पऱ्हे म्हणजे रोपांची वाफी. बी धुतलं की ती थेट भिजवते, तरटाच्या पोत्यात दाबून ठेवते, मोड आणते, आणि ओल्या चिखलावर फेकते. चिखलाला पाणी नदीचं. विहीर तळाला गेलेली, आणि हातपंपाचं पाणी शेतात नेलं असतं तर गावातल्या बायांनी काकीला पुरस्कारासकट हाकलून दिलं असतं. आणि बी त्या दिवशी भिजून बसलं होतं. भिजलेल्या बियाण्याला ‘थांब’ म्हणता येत नाही.

दोन दिवस मी छपरावरून फोन करत राहिलो. “हौ, येऊन राह्यले,” एवढंच खाली ओरडत राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी काकीनं पोत्यात हात घातला, तर आतून ऊब आली. पांढरे मोड टचटचीत निघालेले. वरच्या थराला किंचित आंबूस वास.

“आज नाही टाकलं त गेलं,” ती म्हणाली. “मोड एकमेकाच्या पायात पाय घालतात रजत. मंग सोडवाले गेलं की तुटते.”

त्याच वेळी चंद्रशेखर साहेबांची जीप आली. आणि पलीकडून, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात धरून, महाराष्ट्राच्या श्रुतिका मॅडम नदी उतरून आल्या. भंडाऱ्याच्या, नवीनच लागलेल्या, फार हुशार. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि लगेच प्रेमानं भांडायला लागले.

“खांब तुमच्या हद्दीत आहे सर. म्हणजे मीठ तुमचं.”

“मैडम, खंबा हमारा, पानी तो दोनों का. धार उधर से भी आ रही है.”

“सीमा धारेच्या मध्यातून जाते.”

“धार का बीच गर्मी में हमारी तरफ खिसक जाता है!”

“मग तुमचा खांब सध्या महाराष्ट्रात आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

साहेब दचकले. ही जबाबदारी फार मोठी होती. दोघांनी मला नदीत उभं केलं आणि मध्य कुठं आहे ते विचारलं. मी एक पाय इकडं आणि एक तिकडं ठेवला. माझा डावा पाय कोणत्या राज्यात आहे यावर बराच वेळ चर्चा झाली. तेवढ्यात पाय सुन्न झाला. दोन्ही राज्यांतला.

काकी काठावर उभी होती. पदरात मूठभर मोड आलेलं बी. “साहेब, तुमचं ठरू द्या हळूहळू. पर माह्यी लाइन आधी जोडा. हे पाहा. आज गेलं त संपलं.”

श्रुतिका मॅडमनी वाकून पाहिलं. एक दाणा बोटावर घेतला. “किती सुंदर आलंय हो.”

“हौ, आलं. आता मरू नोका देऊ.”

“आई, माझ्या हातात असतं तर आत्ता जोडली असती. मीठ तर केव्हाच वाहून गेलं, पण स्रोत लिहिल्याशिवाय लाइन येतच नाही. यंत्रच ऐकत नाही.”

आणि मग प्रेमलाल साहेब आले. त्या दिवशीच्या गडबडीत काकीचा डबा त्यांच्याच हातात राहिला होता. तो द्यायला आले होते. समितीचे साहेब दिसल्यावर ते खुलले. आपल्या मोहिमेची सगळी कथा त्यांनी एका दमात सांगितली, टब, अंडी, कटंगीहून आलेली पोती, वाहतं पाणी. “पूरे ब्लॉक में ऐसा उत्साह कहीं नहीं दिखा!”

 फक्त दिवा फिरत होता.

“मिळाला स्रोत,” श्रुतिका मॅडम हळूच म्हणाल्या. “लिहा सर. मध्य प्रदेश शासन.”

चंद्रशेखर साहेबांचा चेहरा उतरला. “मैं अपनी ही सरकार को प्रदूषक लिखूँ?” मग त्यांची नजर पलीकडं गेली. तिथं एक बाई पालथे टब रचून ठेवत होती. “रजत, उधर वालों ने भी धोया था?”

मी शासनाचा माणूस. खोटं कसं बोलणार? “हौ साहेब. त्यांचंही अंडं चांगलं आलतं.”

मॅडमनी पलीकडं फोन लावला, बोलल्या, आणि मघाचा हट्ट सोडला. त्यांच्याही शासनाचीच मोहीम होती.

आता स्रोत सापडलेला होता, आणि म्हणूनच तो लिहिता येत नव्हता. सापडला नसता तर निदान शोधता तरी आला असता. दुलीचंदनं मधला मार्ग काढला. “मीठ त समुद्राचं हाय साहेब. समुद्र लिहून द्या.”

“समुद्र खोऱ्यात येत नाही,” मॅडम म्हणाल्या. “नदी त्याच्यात जाते.”

“मंग त्याच्यावर उपकारच हाय आपला.”

शेवटी दोघांचं एकमत झालं की वरून मार्गदर्शन मागवावं. वरून म्हणजे भोपाळ आणि मुंबई. मार्गदर्शन यायला किती वेळ लागेल, हे विचारायला कोणी धजलं नाही. काकीनं बांधावर आणून ठेवलेल्या पोत्यात पुन्हा हात घातला. आंबूस वास आता मलाही आला.

“साहेब,” ती म्हणाली, “बादलीनं पानी नेता येते काय?”

“नहीं अम्मा. बादली साधन है. कैमरा देख रहा है.”

“लोटा?”

“साधन.”

“ओंजळ?”

दोघं साहेब एकमेकांकडं पाहू लागले. “ओंजळीबाबत,” श्रुतिका मॅडम म्हणाल्या, “स्पष्टता नाही.”

“बरं. अंघोळ?”

“अंघोळीला कशी मनाई असेल? अंघोळ म्हणजे पाणी उचलणं नाही.”

“लुगडं नेसून?”

चंद्रशेखर साहेब गंभीर झाले. “वो तो संस्कार की बात है.”

काकी कमरेइतक्या डोहात उतरली. तीनदा बुडी मारली. बाहेर आली ती नऊवारी लुगड्यातून पाण्याचे ओहोळ सोडत, आणि सरळ, न धावता, काठालगतच्या आपल्या वाफीत गेली. पदराचं टोक धरलं आणि पिळलं. कोरड्या मातीनं ते पाणी असं ओढून घेतलं की आवाज आला.

क्षणभर कोणाच्याच लक्षात आलं नाही. मग दुलीचंद ओरडला, “अरे, आज माह्यी बी अंघोळ झाली नाही!”

आणि सगळ्या गावाला एकाच वेळी आठवलं की आज अंघोळ राहिली आहे. बाया लुगड्यांत उतरल्या, पोरं गमछे घेऊन, म्हातारे धोतरं घेऊन. बुडी, वाफी, पीळ. बुडी, वाफी, पीळ. कोणी चादर पांघरून अंघोळ करत होतं, कोणाला अचानक घोंगडी अंगावर लागत होती. उन्हात सगळा काठ चमकत होता आणि हसण्यानं भरून गेला होता. काकी वाफीत उभी राहून पाणी कुठं कमी पडतंय ते दाखवत होती. “इकडं ये वं! कोपऱ्यात पिळ! अगं त्याले धोतर पिळता येत नाही, दोघं धरा!”

पलीकडची मंडळीही आली. वाफी काकीची असो, चिन्नोरचा वास नदी ओलांडून तिकडंही जातो. एका व्याह्यानं तर नवा कोरा लग्नातला फेटा आणला. फेट्याइतकं पाणी पिणारं कापड जगात नाही, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

दुलीचंद मात्र सगळ्यांच्या पुढं गेला. चौघांच्या मदतीनं त्यानं समाजमंदिरातली सतरंजी आणली.

“सरपंच, थांबा,” श्रुतिका मॅडम म्हणाल्या. “सतरंजी कपड्यात मोडते का?”

दुलीचंदनं सतरंजी खांद्यावरून गुंडाळली. फक्त नाक बाहेर राहिलं. “आमच्या घरी हेच घालतात मॅडम. वडिलांपासून.”

चंद्रशेखर साहेबांनी आकाशाकडं पाहिलं. सतरंजी डोहात उतरली, चौघांनी सरपंचासकट बाहेर ओढली आणि वाफीवर पिळली. वाफीत चिखल झाला. खराखुरा, काळा, चकचकीत चिखल! काकीनं पायानं दाबून पाहिला आणि टाळी वाजवली.

तेवढ्यात श्रुतिका मॅडमचा पाय शेवाळावर घसरला. घसरला, असंच सगळ्यांनी पाहिलं. त्या पूर्ण भिजून उठल्या, वाफीपर्यंत चालत आल्या, ओढणी शेवटच्या कोरड्या कोपऱ्यावर पिळली आणि म्हणाल्या, “मी पडले आहे. नोंद घ्या.”

“नोट किया,” चंद्रशेखर साहेब म्हणाले, आणि त्यांनी आपला ओला रुमाल हळूच तिथंच पिळला. घाम होता, म्हणाले.

काकीनं पोतं उघडलं. वरचा थर गेला होता. ती तो बाजूला काढत होती आणि तेवढा वेळ कोणी हसलं नाही. बराच थर होता तो. पण खाली बी जिवंत होतं, पांढरंशुभ्र. पदराच्या ओटीत घेऊन ती चिखलावर फेकत गेली, हलक्या हातानं, मागं सरकत सरकत. आम्ही सगळे पाणी गाळत उभे होतो. कोणाच्या अंगावर कोरडा धागा नव्हता आणि कोणाला घरी जायचं नव्हतं.

संध्याकाळी दोघा साहेबांनी माझ्या छपरावर बसून अहवाल पाठवला. यंत्राला स्रोत हवा होता, तो कोणाला देता येत नव्हता. पण ‘घटना घडलीच नाही’ असं यंत्राला सांगायची सोय होती, आणि त्याला दोन सह्या पुरत होत्या. दोघांनी सह्या केल्या. दिवा विझला. दुलीचंदनं लड लावली, तिचं काय झालं ते मी सांगितलं नाही.

घटना घडलीच नाही म्हटल्यावर त्या दिवशी नदीत मीठ नव्हतं. मीठ नव्हतं म्हणजे बीजोपचार झाला नव्हता. प्रेमलाल साहेबांनी मोठ्या जड मनानं डबा परत नेला.

आता पऱ्हे वर आलंय. विरळ आहे, जागोजागी रिकामं, पण आहे. काकी रोज त्या रिकाम्या जागांकडं पाहते. काल तिनं मला बोलावलं. “पुढल्या साली पुन्हा भोंगा वाजला, पुन्हा या साहेबाहिचं डावं-उजवं सुरू झालं, त माह्याजवळ आता दुसऱ्यांदा सडवाले बी नाही. लिही त्याहिले.” तिनं सांगितलं ते मी शासनाच्या भाषेत घातलं आणि दोन्ही राज्यांना एकाच वेळी पाठवलं.

प्रति,
मा. अध्यक्ष, संयुक्त क्षारता नियंत्रण समिती.

विषय : बावनथडी नदीस वाहण्याबाबत योग्य ते निर्देश देणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार श्रीमती अनुसयाबाई, मु. कोसमटोला, विनंती करते की, नदीतील पाणी कोणत्या राज्याचे आहे हे ठरेपर्यंत बियाणे थांबत नसल्याने, मध्य प्रदेशचे पाणी डाव्या बाजूने व महाराष्ट्राचे पाणी उजव्या बाजूने, मध्ये एक हात कोरडी जागा सोडून वाहण्याची समज नदीस लेखी देण्यात यावी. त्या कोरड्या जागेत दोन्ही राज्यांच्या साहेबांस बसण्यासाठी सतरंजी अर्जदार स्वखुशीने पुरवील. ही व्यवस्था मृगापूर्वी होऊन मिळावी, व तोपर्यंत पंपाची लाइन चालू ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती.